ओकेनाइट घरी आणलंय? या चुका टाळा

ओकेनाइट हे बारीक तंतूंचं, कापसासारखं दिसणारं खनिज. त्याचा घात बहुतेक वेळा कौतुकाच्या भरात होतो. पाहुणे येतात, काळ्या दगडाच्या पोकळीत बसलेला पांढरा कापसाचा गोळा बघतात, "हा खरंच दगड आहे?" म्हणतात आणि बोट लावतात. झालं! दबलेले तंतू पुन्हा उभे करायची कुठलीच युक्ती नाही. मोह्ज मापावर, म्हणजे खनिजांच्या कठीणपणाच्या 1 ते 10 च्या पट्टीवर, याचा कठीणपणा साडेचार ते पाच असतो खरा, पण म्हणून काय झालं? केसाएवढा बारीक स्फटिक वाकतोच. नमुना झाकणाच्या पारदर्शक डबीत ठेवा आणि दगडाचा तळ पुट्टीने डबीला पक्का चिकटवा.

धुवायचा मोह तर अजिबात नको. पाण्याने तंतू एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावर त्यांची गुठळी होते. रंगाचा मऊ ब्रशही नको. धूळ बसलीच, तर कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळणारा रबरी फुगा लांबून, हलक्या हाताने दाबा. शेजारी वाढलेलं कॅल्साइट हे दुसरं खनिज काढायला कुणी आम्ल सुचवलं, तर त्याला हात जोडा; हायड्रोक्लोरिक आम्लात ओकेनाइटचाच लगदा होतो.

गुलाबी, हिरवे, जांभळे गोळे विकत घेऊ नका. ओकेनाइट मुळात पांढरं, फार तर किंचित पिवळट किंवा निळसर असतं. भडक रंग चढवलेले असतात. भिंगातून पाहा: भेगांत रंग साचलेला दिसला की समजा.

"झिओलाइट" म्हणून चिठ्ठी लावणारेही पुष्कळ. झिओलाइट हा पाणीधारी खनिजांचा एक गट, आणि त्यात सहसा अ‍ॅल्युमिनियम असतं. ओकेनाइट हे अ‍ॅल्युमिनियम नसलेलं, कॅल्शियमचं पाणीधारी सिलिकेट आहे. स्कोलेसाइट, नॅट्रोलाइट या झिओलाइटच्या सुया ताठ असतात, वाकवल्या की तुटतात. मॉर्डेनाइट हे झिओलाइट मात्र फसवं, तेही कापसासारखंच दिसतं. तिथे नजरेवर विसंबू नका, सुटा पडलेला तंतू क्ष-किरण तपासणीला द्या.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ठिकाणाची चिठ्ठी हरवणं. या खनिजाचं पहिलं वर्णन 1828 मध्ये ग्रीनलंडच्या डिस्को बेटावरच्या नमुन्यांवरून झालं, आणि नाव दिलं गेलं जर्मन निसर्गशास्त्रज्ञ लोरेन्झ ओकेन यांचं. आपल्याकडे ते दख्खनच्या लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत, नंतर झिरपलेल्या गरम पाण्यातून तयार झालं. मालाडच्या कुरार भागातल्या आणि कांदिवलीच्या दगडखाणींतून प्रेहनाइट, गायरोलाइट या खनिजांच्या सोबतीने ते निघायचं. तिथे आता वस्ती आहे. पुणे-जळगावकडचा माल "मुंबई" म्हणून खपवला जाऊ शकतो, तेव्हा विक्रेत्याला खाणीचं नाव विचारा आणि मिळेल ते डबीच्या तळाशी लिहून ठेवा. स्वतः शोधायला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात हातोडा घेऊन जाऊ नका, तिथून दगड उचलायला परवानगी नाही.

लोकलने नेताना कापसात किंवा टिश्यूत गुंडाळू नका. गोळ्याचे तंतू त्यातच अडकून उपटले जातात. तळ खाली चिकटवलेली डबी मांडीवर धरा, आणि शक्यतो गर्दीच्या वेळा टाळा.