आगोटीआधी सर्व्हरचे कान तपासताना

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे ज्याची त्याची घाई चालू असते. कुणी कौलं चाळून घेतंय, कुणी पडवीला झापं बांधतंय, सोलं, कुळीथ, सुकी मासळी डब्यांत जातेय. १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे बोटी वर ओढायला बंदरात माणसं कमी पडतात. माझी आगोट, म्हणजे पावसाआधीची तयारी, मात्र एका लोखंडी कपाटात आहे. मच्छीमार सोसायटीचा डिझेल पंप, बर्फाची बिलं आणि सभासदांची खाती ज्या लिनक्स सर्व्हरवर चालतात, तो त्या कपाटात असतो. वर्षभरात त्याला हात लावायला सवड मिळते ती याच दिवसांत. बोटी समुद्रात जात असताना सर्व्हर दहा मिनिटं बंद ठेवा, पंपावर बोंब झालीच म्हणून समजा.

ही तयारी अँटिव्हायरसची नाही की बॅकअपचीही नाही. बॅकअप तुम्ही घेतच असाल, नसाल तर हे वाचणं सोडून आधी तो घ्या. ही तयारी आहे नेटवर्ककडे कान लावून बसलेल्या सेवांची, म्हणजे लिसनरांची. कोण ऐकतंय, कुणासाठी ऐकतंय, आणि लाइट जाऊन आल्यावर ते पुन्हा ऐकायला बसतंय का, हे पावसाआधी बघून ठेवायचं.

पहिलं काम मशीनवर करायचंच नाही. एक कोरा कागद घ्या आणि माणसांना विचारा. काउंटरवर बसणाऱ्या मुलीला विचारा, बर्फाची बिलं काढणाऱ्याला विचारा, सेक्रेटरींना विचारा, की तुम्हाला या मशीनकडून काय काय लागतं. आमच्याकडे उत्तर निघालं ते असं: काउंटरच्या तीन पीसींना डेटाबेस, एका प्रिंटरला पावत्या, सभासदांना खातं बघायला वेबपेज, आणि मला घरून लॉगिन. म्हणजे चार दारं, संगणकाच्या भाषेत पोर्ट, प्रत्येकाला आपापला नंबर. मग मशीनवर जाऊन मोजली तर भरली अकरा. चार आणि अकरा यांच्यामधली सात दारं कुणाची, हेच खरं आगोटीचं काम. आधी मशीन बघितलं असतं तर अकराही गरजेचीच वाटली असती, कारण चालू दिसणाऱ्या गोष्टीला आपण आपोआप काहीतरी कारण शोधून देतो.

मोजायला एसएस ही कमांड पुरते, जुन्या मशीनवर नेटस्टॅट. टी, यू, एल, एन, पी ही पाच अक्षरं जोडून (ss -tulnp) ती रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरने, चालवा. साध्या युजरने चालवलीत तर दुसऱ्याच्या प्रोसेसची नावं दिसत नाहीत आणि मग उगाच भुताटकी वाटते. यू विसरू नका. नेटवर्कवर बोलायच्या दोन पद्धतींपैकी टीसीपी सगळे बघतात, यूडीपीकडे दुर्लक्ष होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्स या छपाईच्या व्यवस्थेतल्या दोषांची चर्चा झाली. तिथे नेटवर्कवरचे प्रिंटर हुडकणारा जोडप्रोग्रॅम यूडीपीच्या ६३१ पोर्टावर सगळ्या पत्त्यांवर ऐकत बसायचा आणि कुणीही पाठवलेल्या पाकिटावर विश्वास ठेवायचा. आमचा प्रिंटर यूएसबीच्या वायरने सर्व्हरलाच जोडलाय. त्याला हुडकायला कुणाची गरज? ते दार त्याच दिवशी लागलं.

एसएसच्या यादीत पोर्टापेक्षा त्याच्या डावीकडचा पत्ता नीट वाचा. १२७.०.०.१ असेल तर ती सेवा घरातल्या घरात बोलते, बाहेरून तिला हाक मारता येत नाही. ०.०.०.० म्हणजे सगळी दारं-खिडक्या उघड्या. दोन कोलन दिसले तर ते आयपीव्ही६ चं, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांचं, तेच, आणि नुसता तारा (*) दिसला तर एकाच कानाने आयपीव्ही६ आणि जुनं आयपीव्ही४ दोन्ही ऐकलं जातं. एखादा ठरावीक पत्ता, समजा १९२.१६८.१.२०, असेल तर ती सेवा त्याच पत्त्यावर आलेलं ऐकते. हा तिसरा प्रकार दिसायला सगळ्यात शिस्तीचा. आम्हाला नडला तोच. त्याच्याकडे येतोच.

त्याआधी, यादीत पोर्ट धरून बसलेला प्रोसेस म्हणून सिस्टिमडी (लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणारा मुख्य प्रोग्रॅम) आणि त्याचा क्रमांक १ दिसला तर गोंधळू नका. तिथे मूळ सेवा झोपलेली असते, दारात सिस्टिमडी उभा असतो, आणि पाहुणा आला की तो आतल्याला उठवतो. ही कल्पना जुनीच. १९८६ च्या ४.३ बीएसडी या युनिक्सपासून इनेटडी नावाचा प्रोग्रॅम हेच करत आला. एका फाइलमध्ये सेवेचं नाव, सॉकेटचा (ऐकायच्या जोडणीचा) प्रकार, प्रोटोकॉल, वाट बघायची की नाही, कोणत्या युजरने चालवायचं आणि कोणता प्रोग्रॅम, अशी एकेक ओळ. फाइल बदलली की ती परत वाचायला इनेटडीला एचयूपी सिग्नल द्यायचा. युनिक्सच्या दुसऱ्या शाखेने, सिस्टिम फाइव्हवाल्यांनी, त्यांच्या चौथ्या आवृत्तीत वेगळी उतरंड मांडली: वर सॅक, त्याच्या हाताखाली टर्मिनलांसाठी टीटीवायमॉन आणि नेटवर्कसाठी लिसन. त्यांना सांभाळायला सॅकअ‍ॅडम, पीएमअ‍ॅडम आणि एनएलएसअ‍ॅडमिन. नावं आता कुणाला आठवत नाहीत, पण तिथला एक भेद मला फार आवडतो. पोर्टावरचा राखणदार चालू असूनही दार बंद ठेवू शकायचा. म्हणजे ‘नाही’, ‘आहे पण घेत नाही’ आणि ‘आहे व घेतो’ अशा तीन अवस्था सरळ वेगळ्या लिहिलेल्या असत. आज आपण चालू आणि बंद या दोनच शब्दांत सगळं कोंबतो आणि तिथेच फसतो.

उदाहरणार्थ, सात दारांपैकी एक बंद करायला तुम्ही सिस्टिमसीटीएल या सिस्टिमडीच्या कमांडने सर्व्हिस स्टॉप केलीत. सर्व्हिस थांबते, पण तिचं सॉकेट युनिट, म्हणजे दारात उभं राहायची सिस्टिमडीकडची नोंद, जागंच राहतं आणि पुढच्या हाकेला ती परत उठते. तशी सूचना कमांड देतेही, पण ती वाचतो कोण? तेव्हा सर्व्हिस आणि सॉकेट दोन्ही थांबवा, रीबूटला आपोआप उठू नयेत म्हणून दोन्ही डिसेबल करा, आणि दुसऱ्या कुठल्या सेवेने तिला ओढून आणू नये असं वाटत असेल तर मास्क करा. मग परत एसएस. पोर्ट यादीतून गेला तरच कागदावर काट मारा. उलट बाजूही बघा. गेल्या जत्रेच्या गडबडीत कुणीतरी एखादी सेवा हाताने चालू केली असेल आणि इनेबल करायचं राहिलं असेल, तर ती आज छान चालते आणि पहिल्या रीबूटला गायब होते.

आता तो तिसरा प्रकार. दोन वर्षांपूर्वी मृग लागला त्या रात्री लाइट तीनदा गेली. तिसऱ्यांदा यूपीएसही बसला. सकाळी सेक्रेटरी अण्णांचा फोन: “लाइट इली, पण बिल काय निघणा नाय.” मी घरून लॉगिन केलं. पोस्टग्रेस, म्हणजे आमचा डेटाबेस, हिरवंगार, चालू. सर्व्हरवरून डेटाबेसला हात घातला, लगेच उत्तर. अण्णांना म्हटलं, “इथे सगळं बरोबर दिसतंय, तुमच्या केबल बघा.” अण्णांनी बिचाऱ्यांनी तिन्ही पीसींच्या केबल काढून पुसून लावल्या. तासभर गेला. मग मी एसएस चालवलं, जे पहिल्या मिनिटाला चालवायला हवं होतं. ५४३२ पोर्ट होता, पण फक्त १२७.०.०.१ वर. १९२.१६८.१.२० ची ओळच नव्हती.

झालं असं होतं, की सर्व्हर राऊटरच्या आधी उठला. त्याला पत्ता राऊटरकडून मिळायचा. पोस्टग्रेस सुरू होताना तो पत्ता मशीनवर आलेलाच नव्हता, त्यामुळे तिथे बसता आलं नाही. पोस्टग्रेसला दिलेल्या पत्त्यांपैकी एकावर जरी बसता आलं तरी तो बाकीच्यांबद्दल लॉगमध्ये इशारा लिहितो आणि पुढे चालू लागतो. एकाही जागी बसता आलं नसतं तर तो सरळ पडला असता आणि मला लाल रंग दिसला असता. अर्धवट बसल्यामुळे हिरवा दिसला. रीस्टार्ट केलं, दहा सेकंदांत बिलं सुरू. अण्णा काही बोलले नाहीत, पण केबलचा विषय अजून अधूनमधून निघतो.

म्हणून तयारीत हे बघाच: ठरावीक पत्त्याला बांधलेल्या सेवा कोणत्या, आणि तो पत्ता उशिरा आला तर त्या काय करतात. उपाय तीन-चार आहेत. सेवेच्या युनिटमध्ये नेटवर्क-ऑनलाइन टार्गेटनंतर, म्हणजे नेटवर्क तयार झाल्याच्या टप्प्यानंतर, सुरू हो असं लिहिता येतं (नुसत्या नेटवर्क टार्गेटला भुलू नका, पत्ता मिळाला की नाही याच्याशी त्याला घेणं नसतं). पण तेही जन्मभर वाट बघत नाही, ठरलेला वेळ गेला की पुढे सरकतं, आणि आमचा राऊटर उठायला म्हाताऱ्यासारखा वेळ घेतो. सॉकेट सिस्टिमडीकडे असेल तर फ्रीबाइंड लावून नसलेल्या पत्त्यावरही आधीच बसता येतं. मी शेवटी साधा मार्ग घेतला. पोस्टग्रेस सगळ्या पत्त्यांवर ऐकतो, आणि कुणाला आत घ्यायचं ते फायरवॉल आणि पोस्टग्रेसची एचबीए फाइल ठरवते. पुस्तकी माणसाला हे आवडणार नाही. पण आमच्या लाइटच्या तऱ्हा पुस्तकाला ठाऊक नाहीत. एक लक्षात असू द्या: एचबीए फाइल बदलली तर रीलोड पुरतो, पण ऐकायचे पत्ते बदलले तर रीस्टार्टच लागतो. रीलोड करून समाधान मानलंत तर बदल पावसाळाभर कागदावरच राहील. आणि राऊटर व स्विच यूपीएसवर घ्या. सर्व्हर जागा आणि राऊटर झोपलेला, यात काहीच कमाई नाही.

यूपीएसचीच आणखी एक गंमत. काउंटरचे पीसी यूपीएसवर नाहीत, सर्व्हर आहे. लाइट गेली की पीसी मरतात, सर्व्हरला मात्र पत्ताच नाही. त्याच्या लेखी तो माणूस अजून फोन धरून आहे. लिनक्समध्ये समोरचा आहे का हे विचारणारा कीपअलाइव्ह मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी, पहिली विचारपूस करतो, तीही त्या कनेक्शनवर तो चालू केला असेल तर. बिल अर्धवट असताना लाइट गेली असेल तर त्या बोटीच्या खात्याची ओळ तेवढा वेळ लॉक राहू शकते. पीसी परत चालू करून तीच बोट उघडली की स्क्रीन गप्प. पोस्टग्रेसच्या सेटिंगमध्ये हा अवधी एका मिनिटावर आणा. पाच मिनिटांचं काम आहे आणि पावसाळ्यातले निम्मे फोन त्याने कमी होतात.

फायरवॉलचे नियम हाताने टाकले असतील तर ते सेव्ह आहेत का बघा, नाहीतर रीबूटला पाटी कोरी. त्यासाठी फायरवॉल-सीएमडी ही कमांड वापरत असाल तर पर्मनंट म्हटलंय का बघा. प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारा डॉकर असेल तर जास्त सावध राहा. कंटेनरचा पोर्ट बाहेर काढला की डॉकर स्वतःचे नियम लिहितो आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलने बंद केलेलं दारही उघडं पडतं. पोर्ट बाहेर काढताना पुढे १२७.०.०.१ लिहायची सवय लावा. बॅकलॉग, रांगेची लांबी वगैरेवर इंटरनेटवर बरंच वाचायला मिळेल. तीन काउंटरच्या सोसायटीला त्याचं काही नाही, सोडून द्या.

लांबून लॉगिन करायच्या सेवेला, एसएसएचला, हात लावताना मात्र घाई नको, कारण आत शिरायचं दार तेच. आधी एसएसएचडीला टी लावून (sshd -t) तिची सेटिंगची फाइल तपासून घ्या. चालू सेशन बंद न करता दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन होतंय का बघा, मगच पहिलं सोडा. उबुंटूने २२.१० पासून एसएसएच सॉकेटवर नेलंय, त्यामुळे पोर्ट बदलून नुसती सर्व्हिस रीस्टार्ट केलीत तर बदल लागलाच असं धरू नका. सिस्टिमसीटीएलने डीमन-रीलोड करून सॉकेट युनिटही रीस्टार्ट करा आणि एसएसने खात्री करा. फायरवॉल लांबून बदलत असाल तर दहा मिनिटांनी जुने नियम परत भर, असं एट कमांडला आधी सांगून ठेवा. सगळं नीट झालं की ते काम रद्द करा. नाहीतर भर पावसात स्कूटर काढून घाट उतरावा लागतो, आणि ती चूक मी एकदाच केली.

वेबपेजच्या टीएलएस सर्टिफिकेटची (ब्राउझरमधल्या सुरक्षित कुलपाच्या दाखल्याची) तारीख बघून ठेवा. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असेल तर मेमध्ये घेतलेलं ऑगस्टमध्ये, ऐन हंगाम सुरू होताना संपतं. नूतनीकरण एचटीटीपीच्या पडताळणीने होत असेल तर त्याला पोर्ट ८० लागतो. ‘सुरक्षित वेबपेजचा ४४३ असताना साधा ८० कशाला’ म्हणून तो बंद केलात तर आज काही बिघडत नाही, दोन महिन्यांनी बिघडतं. कागदावर ८० च्या समोर कारण लिहून ठेवा, पुढच्या वर्षी कदाचित तुम्हीच विसराल.

दारं बाहेरूनही वाजवून बघा. एकदा काउंटरच्या पीसीवरून, एकदा मोबाइल डेटावरून. सर्व्हर स्वतःबद्दल जे सांगतो ते आणि बाहेरच्याला जे दिसतं ते, यात राऊटरने मध्येच केलेले उद्योग असतात. हे करताना स्विचमधली एकेक पिन बघून घ्या. खाऱ्या वाऱ्याने त्यांच्यावर हिरवा गंज चढतो आणि लिंक येतजात राहते. आमच्या कपाटात एकदा पालही निघाली होती, तिच्यावर कुठलाच पोर्ट उघडा नव्हता.

शेवटची परीक्षा रीबूटने घेऊ नका. रीबूटला राऊटर जागाच असतो. सोसायटीत कुणी नसताना, डेटाबेस आणि सर्व्हर रीतसर बंद करून, खाली जाऊन मेन स्विच पाडा. यूपीएसही बंद करा. समोरच्या टपरीवर चहा घ्या, सावकाश. मग मेन वर करा, कशालाही हात लावू नका, पाच मिनिटं थांबा आणि काउंटरच्या पीसीवरून एक खोटं बिल काढा. बिल छापून आलं तर एसएसची यादी काढून कागदाशी ओळ न् ओळ ताडून बघा. आमच्याकडे यंदा पाच ओळी आल्या. चार कागदावरच्या आणि पाचवी ८० ची, कारणासकट. तो कागद लॅमिनेट करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, नुसता कागद जुलैपर्यंत लगदा होतो.