लढाईआधी डेल्फीला कौल कसा लावायचा

प्राचीन ग्रीसमधल्या एखाद्या नगरराज्याला लढाईआधी डेल्फीत अपोलोचा कौल लावायचा, तर आधी तिथी बघावी लागे. महिन्यातून दिवस एकच, सातवा. म्हणजे आपली शुद्ध सप्तमी. थंडीचे तीन महिने तर देव मुक्कामालाच नसे. शत्रू वेशीवर आल्यावर दूत धाडून काय उपयोग?

पैसे मोजून न्या. फासेलिस नगराला सरकारी प्रश्नासाठी 7 द्राख्मा 2 ओबोल पडत, खासगी माणसाला 4 ओबोल (6 ओबोलांचा 1 द्राख्मा). म्हणजे अकरापट फरक. मग बकऱ्यावर गार पाणी शिंपडायचं. ते नखशिखांत थरथरलं तरच पुढे जायचं (आपल्या जत्रांतून हे पाहिलेलं असतंच). थरथरत नाही म्हणून ओतत बसू नका. डेल्फीचाच पुजारी आणि लेखक प्लुटार्क, त्याच्या काळात पुजाऱ्यांनी बकरं अक्षरशः भिजवून काढलं, पिथियाला (देवाचा कौल सांगणाऱ्या पुजारणीला) बळेच आत बसवलं, आणि काही दिवसांत ती वारली.

खरी गोम प्रश्नात आहे. ‘जिंकू का?’ असं मोघम विचारू नका. ‘अमुक करणं हिताचं आहे का?’ असं विचारा. लिडियाचा राजा क्रीसस याला उत्तर मिळालं, पर्शियावर चालून गेलास तर एक मोठं राज्य बुडेल. कुणाचं, हे त्याने विचारलंच नाही, बुडालं त्याचंच. स्पार्टाचा राजा अगेसिपोलिस पक्का. आर्गोसवाले पुढे करतात तो तह धुडकावला तर चालेल का, असं त्याने ऑलिम्पियात झ्यूसला, म्हणजे अपोलोच्या बापाला, विचारलं. होकार घेऊन डेल्फीला गेला आणि अपोलोला म्हणाला, ‘वडिलांचं मत तुम्हालाही मान्य ना?’

लाच चालायची. स्पार्टाचा राजा क्लिओमेनेस याने पेरियाला नावाच्या पिथियाला फितवलं होतं. त्यावर अथेन्सचा तोडगा इ.स.पू. 352 मधला. मेगाराच्या सीमेवरच्या पवित्र जमिनीचा वाद होता. दोन सारखे कथलाचे पत्रे घेतले, एकावर ‘जमीन खंडाने द्या’, दुसऱ्यावर ‘पडीक ठेवा’ असं लिहिलं. गुंडाळून, हलवून एक सोन्याच्या घागरीत, एक चांदीच्या घागरीत टाकला, वर मोहरा लावल्या. दूतांनी फक्त विचारायचं: सोन्याची की चांदीची? आत काय, हे पिथियालाच ठाऊक नाही, तर विकणार काय?

उत्तर शब्दशः लिहून आणा. अर्थ सभेत लावायचा असतो. इ.स.पू. 480 च्या पर्शियन स्वारीत अथेन्सला कौल मिळाला, ‘लाकडी भिंत’ तेवढी टिकेल. ती भिंत म्हणजे जहाजं, असं अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याने पटवलं. ज्यांना पटलं नाही त्यांनी अक्रोपोलिसवर (अथेन्सच्या गडावर) फळ्या आणि दारं ठोकून आडोसा केला. पर्शियनांनी त्यावर जळते बाण सोडले.