अज्ञात सेंद्रिय पदार्थ कसा ओळखावा?

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला पुडी हातात पडली की मुले आधी द्रवणांक काढायला धावतात. मीही धावलो होतो. पारा १२२ अंश सेल्सिअसवर थांबला, आणि मी खुशीत 'बेन्झोइक आम्ल' लिहून मोकळा झालो. पुडीत निघाले बीटा-नॅफ्थॉल. त्याचा द्रवणांक १२३! दोन मिनिटांची विद्राव्यता पाहिली असती तर घोळ टळला असता.

तेव्हा सुरुवात रंगरूपापासून करा. वास घ्यायचा तर नळी नाकाशी न नेता हाताने वाफ आपल्याकडे वळवून. चिमूटभर पदार्थ स्पॅच्युलावर बर्नरच्या ज्योतीत धरा. काजळी धरणारी पिवळी ज्योत दिसली तर पदार्थ बहुधा अरोमॅटिक (रेणूत बेन्झीनसारखे कडे असलेला), नाहीतर अ‍ॅलिफॅटिक.

आता विद्राव्यता. मुगाच्या दाण्याएवढा पदार्थ आणि ३ मिली द्रव, एवढे पुरते. आधी थंड पाणी. पाण्यातच विरघळला तर पुढच्या तीन नळ्या वाया घालवू नका. तो त्यांतही विरघळणारच, कारण त्यांत पाणी आहे. अशा वेळी लिटमस लावून पाहा. युरिया हे नेहमीचे उदाहरण.

पाण्यात विरघळला नाही तर दुसऱ्या नळीत सोडियम बायकार्बोनेटचे द्रावण घ्या. फसफसून विरघळला तर कार्बोक्झिलिक आम्ल. नाही विरघळला, पण १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळला, तर फिनॉल. दोन्हींत नाही, पण विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळला, तर अ‍ॅनिलीनसारखा आम्लारी. कशातच नाही तर उदासीन, उदाहरणार्थ नॅफ्थलीन.

बायकार्बोनेट हा भेद कसा करते? बेन्झोइक आम्ल कार्बोनिक आम्लापेक्षा जोरदार, म्हणून ते बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड हुसकावते. साध्या फिनॉलमध्ये तेवढा जोर नसतो. पिक्रिक आम्ल मात्र फिनॉल असूनही फसफसते. तीन नायट्रो गटांनी त्याची आम्लता वाढवलेली असते.

इथे एक खोड मोडायला हवी: नळी गरम करायची. तापवलेले बायकार्बोनेट स्वतःच बुडबुडे सोडते, आणि पदार्थ आम्ल नसतानाही वहीत आम्ल लिहिले जाते. थंडच ठेवा आणि हलवा. विरघळला की खात्री उलट बाजूने करा. बायकार्बोनेटच्या किंवा अल्कलीच्या (म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर पांढरा साका परत आला, तर निष्कर्ष पक्का.

मग लासेनची चाचणी (पदार्थ सोडियमबरोबर तापवून) करून नायट्रोजन, गंधक आणि हॅलोजन तपासा. सोडियमचा तुकडा केरोसीनमधून काढून टिपकागदावर कोरडा करा, डोळ्यांवर चष्मा हवाच.

क्रियात्मक गटांच्या (रेणूचे गुण ठरवणाऱ्या अणुगटांच्या) सगळ्या चाचण्या सगळ्या पदार्थांवर करत बसू नका. प्रकार कळल्यावर दोन-तीनच उरतात. फिनॉलची शंका असेल तर उदासीन फेरिक क्लोराइड. साध्या फिनॉलला आणि सॅलिसिलिक आम्लाला जांभळा रंग येतो, बेन्झोइक आम्लाला फिकट बदामी साका. नायट्रोजन असलेला आम्लारी असेल तर ० ते ५ अंशांवर सोडियम नायट्राइट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने डायझो करून (अमाइनचे डायझोनियम क्षारात रूपांतर करून) अल्कलीतल्या बीटा-नॅफ्थॉलमध्ये ओता. केशरी-लाल रंग आला की प्राथमिक अरोमॅटिक अमाइन. बर्फात कंजुषी केलीत तर रंगाऐवजी नायट्रोजनचे बुडबुडे मिळतील. उदासीन पदार्थाला २,४-डायनायट्रोफिनाइलहायड्राझिन घाला. पिवळा-केशरी साका आला तर अल्डिहाइड किंवा कीटोन, आणि टॉलेन्स अभिकर्मकाने (सिल्व्हर नायट्रेटच्या अमोनियातल्या द्रावणाने) चांदीचा आरसा दिला तर बहुधा अल्डिहाइड. टॉलेन्स ताजेच बनवा, उरलेले विरल आम्ल घालून लगेच टाका. साठवले तर त्यात स्फोटक क्षार तयार होतो.

द्रवणांक सगळ्यात शेवटी, कोरड्या पदार्थाचा. माझ्यासारखे बेन्झोइक आम्ल की बीटा-नॅफ्थॉल अशा दोन नावांत अडलात तर आपला पदार्थ शुद्ध बेन्झोइक आम्लात मिसळून पुन्हा वितळवा. तो बेन्झोइक आम्लच असेल तर १२२ कायम राहील. बीटा-नॅफ्थॉल असेल तर मिश्रण त्याआधीच लोळायला लागेल.