कोविडच्या दुसऱ्या लाटेतलं हॉस्पिटलचं बिल पुन्हा कसं उघडायचं

बिल भरून झालं, आता उकरून काय मिळणार, असं म्हणत तुम्ही ती कागदांची पिशवी कपाटावर टाकली असेल, तर आज खाली काढा. माणूस घरी आला असेल तरी काढा, आणि गेला असेल तर नक्कीच काढा.

मी सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात राहते, चौदा वर्षं एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. माझे मोठे दीर, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो, १९ एप्रिल २०२१ ला एका खासगी हॉस्पिटलात भरती झाले आणि ३ मेच्या पहाटे गेले. बॉडी ताब्यात मिळण्याआधी बिल पूर्ण करायला सांगितलं. जाऊबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या, माझ्या नवऱ्याने सोसायटीतून उचल घेतली. त्या वेळी कोणी बिल वाचलं नाही. वाचलं असतं तरी त्या पहाटे भांडायचं बळ कोणात नव्हतं. ते तुमच्यातही नसेल, आणि त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. बिल नंतरही तपासून मागता येतं.

आधी दर समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. राज्य सरकारने २१ मे २०२० ला अधिसूचना काढून खासगी हॉस्पिटलांतल्या ८० टक्के खाटांचे कोविडचे दर बांधून दिले. साध्या वॉर्डात विलगीकरणासह दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. १ जून २०२१ ला नवी अधिसूचना आली आणि शहरांचे अ, ब, क असे गट पडले. मुंबई, पुणे, नागपूर अ गटात, तिथे दर तेच राहिले. जिल्ह्याची ठिकाणं आणि नाशिक, कोल्हापूर, सोलापूरसारखी शहरं ब गटात, तिथे ३,०००, ५,५०० आणि ६,७००. बाकी सगळं क गटात, २,४००, ४,५०० आणि ५,४००. तुमचं बिल एप्रिल-मे २०२१ चं असेल तर जुनेच दर लावायचे. गावातल्या दोघांनी घाईने क गटाचे दर लावून अर्ज केले आणि ते त्याच कारणाने परत आले.

या रोजच्या दरात काय काय धरलेलं होतं, इथे खरी मेख आहे. खाट, नर्सिंग, डॉक्टरांची तपासणी, जेवण, नेहमीची औषधं, सीबीसी आणि क्रिएटिनिन या रक्ताच्या तपासण्या, लघवीची तपासणी, एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी, लघवीची नळी किंवा नाकातून नळी घालणं, हे सगळं आतच आलं. वेगळं लावता येत होतं ते पीपीई किट, कोविडची चाचणी, सीटी स्कॅन, मेरोपेनेम किंवा टोसिलिझुमॅबसारखी महागडी औषधं आणि सेंट्रल लाइनसारख्या (मोठ्या शिरेत नळी घालण्याच्या) प्रक्रिया. सीटी स्कॅनलाही सप्टेंबर २०२० पासून मर्यादा होती. मशीन कितीही मोठं असलं तरी ३,००० च्या वर घेता येत नव्हतं.

आता पिशवी उघडा आणि कागद तीन ढिगांत लावा. एकात हॉस्पिटलचं बिल आणि पैसे भरल्याच्या पावत्या. दुसऱ्यात मेडिकलची बिलं, तारखेप्रमाणे. तिसऱ्यात आरटीपीसीआरचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड किंवा मृत्यूचा दाखला. पैसे रोख भरले आणि नुसती कच्ची चिठ्ठी मिळाली असेल तर तीही जपा, आणि आजच तिची झेरॉक्स काढा. तसल्या कागदावरची शाई उडते. आमच्या २५ एप्रिलच्या २०,००० च्या चिठ्ठीवर आता फक्त आकड्याची सावली उरली आहे.

बिलावर नुसतं ‘आयसीयू ९ दिवस’ असं लिहिलेलं असतं. त्यातले किती दिवस व्हेंटिलेटर होता हे केस पेपरवरूनच कळतं, म्हणून केस पेपर मागायचे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकाने मागितल्यापासून ७२ तासांच्या आत ते द्यावे लागतात, आणि तीन वर्षं जपून ठेवावे लागतात. तोंडी मागू नका. मी दोनदा तोंडी मागितले आणि दोनदा ‘रेकॉर्डवाले रजेवर आहेत’ हे ऐकून परत आले. तिसऱ्यांदा दोन ओळींचा अर्ज दिला, खाली नियमाचं साल लिहिलं, दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. काउंटरवरच्या मुलाने पोच द्यायला नकार दिला, तेव्हा तिथून सरळ पोस्टात गेले आणि रजिस्टर एडी केलं. चौथ्या दिवशी फोन आला, येऊन घेऊन जा.

मग एका वहीत दोन रकाने पाडा, घेतलेले आणि बसणारे. आमचे आकडे देते, म्हणजे पद्धत कळेल. वॉर्डाचे ५ दिवस ८,००० ने आणि आयसीयूचे ९ दिवस १२,००० ने, असे खाटेचेच १,४८,००० लावले होते. नियमाने वॉर्डाचे २०,०००, व्हेंटिलेटरशिवायच्या ३ दिवसांचे २२,५०० आणि व्हेंटिलेटरच्या ६ दिवसांचे ५४,०००, म्हणजे ९६,५०० होतात. त्याशिवाय डॉक्टर व्हिजिट २८,०००, नर्सिंग १४,०००, जेवण २,५००, जैविक कचरा ७,००० असं वेगळं. जेवण दरात आलेलं असताना वेगळं, आणि व्हेंटिलेटरवरच्या माणसाचंसुद्धा जेवण! ती ओळ वाचली तेव्हा मी वही मिटून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मेडिकलची बिलं केस पेपरमधल्या औषधांच्या चार्टशी एकेक करून जुळवा. आमच्याकडे रेमडेसिविरच्या सहा बाटल्यांचं बिल आहे, चार्टवर चार दिल्याची नोंद आहे. याची तक्रार हॉस्पिटलच्या बिलात मिसळायची नाही. ती वेगळी, अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे करायची, बिलावरचे बॅच नंबर लिहून.

अर्ज कोणाकडे? ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, एक प्रत जिल्हा शल्य चिकित्सकांना. महापालिकेत आयुक्त. कोविडच्या बिलांसाठी लेखापरीक्षक नेमलेले होते, त्यांच्याकडे ते जायचं. अर्ज दीड पानाच्या वर नको. दादा किती चांगले होते, सरकार कसं झोपलं आहे, हे मी पहिल्या अर्जात चार पानं लिहिलं होतं. ते सगळं खरं होतं, पण टेबलवरच्या माणसाला आकडा शोधावा लागला. दुसरा अर्ज असा केला:

‘माझे पती दिनांक १९/०४/२०२१ ते ०३/०५/२०२१ या काळात सदर रुग्णालयात कोविड उपचारासाठी दाखल होते. शासनाच्या दिनांक २१/०५/२०२० च्या अधिसूचनेतील दरांपेक्षा जादा आकारणी झाल्याचे सोबतच्या तक्त्यावरून दिसते. बिलाचे लेखापरीक्षण करून जादा रक्कम परत मिळवून द्यावी व केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती द्यावी.’

सही जाऊबाईंची. पैसे ज्याचे आणि नातं ज्याचं, त्याची सही हवी. सोबत तक्ता, झेरॉक्स, मृत्यूचा दाखला. मूळ कागद कोणाच्याही हातात द्यायचे नाहीत. आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. महिनाभरात काहीच हाललं नाही तर माहितीच्या अधिकारात, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, एवढंच विचारायचं: अमुक आवक नंबरच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय केलं? ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमचा अर्ज या प्रश्नानंतरच हालला.

ज्यांचं माणूस अजून आत आहे त्यांनी दोन गोष्टी लगेच विचारा. हॉस्पिटल महात्मा फुले जनआरोग्य योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत, आहे का? कोविडसाठी ती २०२० मध्ये सगळ्या रेशनकार्डांना लागू झाली, योजनेच्या आरोग्यमित्राचं टेबल शोधा, नाहीतर १५५३८८ ला फोन करा. दुसरं, बिलासाठी बॉडी अडवून ठेवता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये नर्सिंग होमचे नियम सुधारले, त्यातल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत हे आहे. ती सनद हॉस्पिटलात लावलेली असायला हवी. आम्हाला ती कुठे दिसली नाही.

मी कागदाचा एवढा आग्रह का धरते ते सांगते. २६ एप्रिलच्या रात्री हॉस्पिटलमधून सांगितलं, ऑक्सिजनचे सिलिंडर संपत आलेत, तुम्हाला कुठून मिळतोय का बघा. माझा मुलगा रात्री दीड वाजता रहिमतपूरला गेला आणि एका फॅब्रिकेशनवाल्याला उठवून सिलिंडर घेऊन आला. दुसऱ्या दिवशी दादांना व्हेंटिलेटर लावला. २० जुलै २०२१ ला राज्यसभेत केंद्र सरकारने सांगितलं, ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं कोणत्याही राज्याने कळवलेलं नाही. राज्यानेही तेच धरून ठेवलं. एप्रिलभर लसीवरून, रेमडेसिविरवरून रोज एकमेकांवर तुटून पडणारी ही दोन सरकारं या एका गोष्टीवर एकमुखी झाली. जाऊबाईंनी बातमी बघून मला विचारलं, ‘मग त्या रात्री आपलं पोरगं कुठं गेलं होतं गं?’ मी केस पेपर पुन्हा उघडले. त्या रात्रीबद्दल एक ओळ नाही. आता मी फॅब्रिकेशनवाल्याकडून तारीख आणि वेळ घालून एक लेखी चिठ्ठी घेतली आहे. तिचा उपयोग कुठे होईल माहीत नाही, पण ती फाइलला लावली आहे. तुमच्याकडे असं काही असेल तर साक्षीदाराची आठवण ताजी आहे तोवर लिहून घ्या.

मृत्यूच्या दाखल्याबरोबर मृत्यूचं वैद्यकीय कारण लिहिलेला कागदही बघा. त्यात कोविड नसेल तर आत्ताच दुरुस्तीचा अर्ज द्या. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ ला कोविडने गेलेल्यांच्या कुटुंबांना मदत देण्याचे निकष ठरवायला सांगितलं, तेव्हाच आम्ही धरलं की हाच कागद मागतील. एकट्याने जमत नसेल तर जन आरोग्य अभियान या आरोग्य हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेचे कार्यकर्ते जादा बिलांच्या तक्रारींत मदत करतात.

आमच्या लेखापरीक्षकांनी तपासण्यांचे १२,००० आणि पीपीईचे १३,८०० वेगळे मान्य केले. २,४१,८०० च्या बिलात १,१९,५०० जादा निघाले. हॉस्पिटलने ऑगस्ट २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात ६०,००० चा चेक दिला आणि ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर सही मागितली. अशी सही करू नका. जाऊबाईंनी त्यावर स्वतःच्या हाताने ‘६०,००० मिळाले, ५९,५०० येणे बाकी’ असं लिहून मग सही केली. पाटल्या सोडवल्या. बाकीच्या पैशांसाठी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी आम्ही दोघी पुन्हा साताऱ्याला निघालो, नऊच्या एसटीने.