एस मोजायचा तर नजर पलीकडच्या रॅकेटवर ठेवा

लेक टेनिसच्या चौदा वर्षांखालच्या स्पर्धा खेळायला लागली तेव्हापासून माझ्या पिशवीत पाण्याच्या बाटलीशेजारी एक शंभर पानी वही असते. तिचे एस आणि डबल फॉल्ट (लागोपाठ दोन्ही सर्व्हिस चुकून गेलेला गुण) मी त्यात रेघा मारून मांडते. पहिल्या सामन्यात सात एस मांडले होते. परतताना रिक्षात तिने वही बघितली आणि चार रेघा खोडल्या. म्हणाली, "आई, या चार वेळा समोरच्या मुलीची रॅकेट लागली होती बॉलला. हे एस नाहीत."

माझा घोळ शब्दाने केला होता. आपली वर्तमानपत्रं एसला 'बिनतोड सर्व्हिस' म्हणतात. शब्द झकास आहे, पण मी परत न आलेली प्रत्येक सर्व्हिस बिनतोड धरत होते. एसची अट त्याहून कडक आहे. चेंडू नेटपलीकडे तिरप्या समोरच्या सर्व्हिस बॉक्समध्ये, म्हणजे सर्व्हिससाठी आखलेल्या चौकोनात, पडला पाहिजे, आणि समोरच्या खेळाडूच्या रॅकेटचा त्याला स्पर्शसुद्धा होता कामा नये. रॅकेट लागून चेंडू नेटमध्ये गेला, तर गुण सर्व्हिस करणारीलाच, पण तो सर्व्हिस विनर; एस नव्हे.

म्हणून चेंडू सुटला की सर्व्हिस करणारीला विसरा आणि नजर पलीकडच्या रॅकेटवर न्या. कानही तिकडेच. तारांवर चेंडू बसला तर भरीव आवाज येतो. फ्रेमला घासला तर कोरडं, बारीक 'टक्' होतं आणि चेंडू जरासा वाकडा जातो. माझ्या त्या चार चुका या 'टक्'च्या होत्या. खरा एस असेल तर टप्प्यानंतरचा आवाज थेट मागच्या जाळीचा येतो.

नेटच्या पट्टीला घासून चेंडू बॉक्समध्ये पडला तर लेट: तीच सर्व्हिस पुन्हा. दुसऱ्या सर्व्हिसवरही एस होतो, तो मोजायचा.

आता एस पडतो कशाने? वेगाने, असं सगळ्यांना वाटतं. मला वाटतं, त्याहून जास्त जागेने. बॉक्स नेटपासून 6.40 मीटर लांब आणि साधारण 4.1 मीटर रुंद. जोरात पण अंगावर आलेली सर्व्हिस मुली नुसती रॅकेट आडवी धरून परत करतात. एस पडतो तो बहुतेक दोन टोकांना: मधल्या रेषेवर, जिथे इंग्रजी टी होतो, किंवा बाहेरच्या बाजूच्या रेषेवर. कुठल्या बाजूला झुकायचं हे समोरचीला आधी ठरवावं लागतं, आणि तिथेच ती चुकते.

हे डोळ्यांनी शिकायचं तर गोरान इव्हानिसेविचच्या 2001 च्या विम्बल्डनचे सामने बघा. वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर, आलेला हा डावखुरा क्रोएशियन त्या एका स्पर्धेत 213 एस मारून गेला आणि जिंकला. डाव्या हाताची बाहेर वळत जाणारी त्याची सर्व्हिस समोरच्याला पार कोर्टाबाहेर ओढते. त्या भीतीने तो तिकडे सरकला की पुढची मधल्या रेषेवर. पॅट राफ्टरविरुद्धच्या फायनलमध्ये, अगदी शेवटच्या गेममध्ये, याच हातून डबल फॉल्टही झाले. रेषेवर मारायचं म्हणजे ती जोखीम आलीच. लेकीला मी हे आवर्जून दाखवलं, कारण डबल फॉल्ट झाला की ती पुढची सर्व्हिस घाबरून मधोमध टाकते.

पुण्यात बालेवाडीला 2019 मध्ये इव्हो कार्लोविच आणि केव्हिन अँडरसन या दोन उंच खेळाडूंची फायनल झाली. एक 2.11 मीटर उंच, दुसरा 2.03. तिन्ही सेट 6-6 बरोबरीनंतरच्या टायब्रेकला गेले, अँडरसन जिंकला. उंच खेळाडूचा चेंडू नेटवरून तीव्र उतारात येतो, त्यामुळे त्याला बॉक्सचा जास्त भाग मिळतो. माझी लेक तेवढी उंच होणार नाही, तिला जागाच साधावी लागेल.

म्हणून वहीत आता नुसती रेघ नसते. एस झाला की छोटा चौकोन काढते आणि चेंडू पडला तिथे टिंब देते. गेल्या तीन सामन्यांची टिंबं जवळजवळ सगळी मधल्या रेषेवर आहेत. बाहेरचा कोपरा रिकामा दिसतोय, तो सरावाला घेतलाय.