अमेरिकेतली नोकरी: सोलापुरातून निघण्याआधीची आणि तिथे पोचल्यावरची तयारी

एमएससाठी निघालेल्या मुलामुलींना धास्ती असते ती इंग्रजीची. प्रत्यक्षात नोकरी इंग्रजीपेक्षा तारखा चुकल्यामुळे जास्त वेळा हुकते. ऑगस्टमध्ये तिथे उतरलात की बहुतेक विद्यापीठांत सप्टेंबरमध्येच करिअर फेअर असतो. पुढच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी मोठ्या कंपन्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्येच अर्ज घेतात. खोली, बँक खातं, पहिल्या असाइनमेंट यांतून डोकं वर काढेपर्यंत दिवाळी येते आणि चांगल्या जागा गेलेल्या असतात. म्हणून रिझ्युमे जून-जुलैत, घरी असतानाच पक्का करा.

रिझ्युमे एका पानाचाच हवा. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, लग्न झालंय की नाही, यातलं काहीही नको. दहावी-बारावीचे टक्केही काढून टाका. सीजीपीए 10 पैकी असेल तर '8.1/10' असाच लिहा, आपल्या मनाने 4 च्या मोजपट्टीवर बसवू नका. घरच्या धंद्यातलं काम मात्र लपवू नका. सोलापुरातल्या कितीतरी मुलांनी टॉवेलच्या किंवा चादरीच्या कारखान्यात हिशोब पाहिलेला असतो, आणि रिझ्युमेत त्याची एक ओळही नसते. 'वडिलांना व्यवसायात मदत केली' याला अर्थ नाही. 'यंत्रमाग कारखान्यातल्या सुताच्या साठ्याची नोंद वहीतून एक्सेलमध्ये आणली, महिनाअखेरचा हिशोब तीन दिवसांऐवजी एका दिवसात होऊ लागला' ही ओळ वाचणारा थांबतो. आकडा खराच हवा, कारण मुलाखतीत नेमकं त्यावरच बोट ठेवतात.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं, पण महत्त्वाचं. आपल्याकडे मार्कशीटवर बहुधा आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. ऑफरनंतरच्या पार्श्वभूमी तपासणीत यावरून फाइल अडकते. रिझ्युमे, लिंक्डइन आणि अर्ज, सगळीकडे नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा. पदवी सोलापूर विद्यापीठाची असेल तर ट्रान्स्क्रिप्टच्या जादा प्रती निघण्याआधीच काढून घ्या, नाहीतर नंतर घरच्यांना अधिकारपत्र घेऊन केगावला, विद्यापीठाच्या आवारात, खेटे घालावे लागतात. आधी नोकरी केली असेल तर रिलीव्हिंग लेटर, पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म 16 स्कॅन करून ठेवा. जुन्या कंपनीचा एचआर सहा महिन्यांनी फोन उचलेलच असं नाही.

आता व्हिसाचं गणित. एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असताना कॅम्पसबाहेरची इंटर्नशिप सीपीटीवर, म्हणजे शिकत असतानाच्या कामाच्या परवानगीवर, होते. त्यासाठी साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण व्हावं लागतं. पूर्णवेळ सीपीटी 12 महिने किंवा जास्त झाली तर त्या पदवीची ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याची परवानगी, जाते. शिक्षण संपल्यावर ओपीटी 12 महिन्यांची, आणि स्टेम शाखेला (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) त्यावर आणखी 24 महिने. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या 90 दिवस आधीपासून ते संपल्यानंतर 60 दिवसांपर्यंत करता येतो. अभ्यासक्रम 15 मेला संपत असेल तर 14 फेब्रुवारी ते 14 जुलै. शिवाय विद्यापीठाच्या डीएसओने (परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणारा अधिकारी) सेव्हिस या सरकारी नोंदप्रणालीत शिफारस टाकली की 30 दिवसांच्या आत अर्ज यूएससीआयएस या अमेरिकन इमिग्रेशन खात्याकडे पोचला पाहिजे. ही अट विसरून अर्ज नाकारला जातो.

काम कधीपासून सुरू, ही तारीख तुम्हीच मागता, आणि ती अभ्यासक्रम संपल्यानंतरच्या त्याच 60 दिवसांत बसावी लागते. ऑफर हातात नसेल तर तारीख शेवटाकडची मागा. कारण ओपीटी मंजूर झाल्यावर मिळणाऱ्या वर्क परमिट कार्डावरच्या तारखेपासून बेरोजगारीचे दिवस मोजले जातात आणि त्यांना मर्यादा आहे: ओपीटीत 90, स्टेमची मुदतवाढ मिळाल्यावर एकूण 150. कार्ड हातात येण्याआधी किंवा त्यावरच्या तारखेआधी एक दिवसही काम करायचं नाही. स्टेमसाठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासणारी सरकारी प्रणाली) नोंदलेली हवी, पगार हवा आणि आय-983 हा प्रशिक्षणाचा आराखडा भरावा लागतो. छोट्या कंपनीला हे आधीच विचारा.

अर्जात दोन प्रश्न हमखास येतात. 'अमेरिकेत काम करण्याची कायदेशीर परवानगी आहे का?' ओपीटी असेल तर हो. 'आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप (कंपनीने तुमच्यासाठी कामाचा व्हिसा मागणं) लागेल का?' यालाही हो. इथे खोटं लिहिलं तर ऑफर मिळूनही जाते. कोणत्या कंपन्या एच-1बी हा कामाचा व्हिसा करतात हे सांगोवांगीवर ठरवू नका. यूएससीआयएसचं एम्प्लॉयर डेटा हब सगळ्यांना खुलं आहे, तिथे नाव टाकून बघा. एच-1बीचा वर्षाचा कोटा 65,000 आणि अमेरिकन मास्टर्स झालेल्यांसाठी आणखी 20,000. विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्था या कोट्याबाहेर असतात, तरी तिकडे फार कमी जण अर्ज करतात.

ओळखीसाठी लिंक्डइनवर 'सर, प्लीज रेफर मी' असा मेसेज टाकू नका. तुम्ही कोण, त्यांचं कोणतं काम पाहून लिहिताय, आणि 15 मिनिटं बोलाल का, एवढ्या तीन ओळी पुरतात. समोरचा सोलापूरचा निघाला तर पहिल्याच ओळीत सांगा. शेंगाचटणीची आठवण निघाली की माणूस मोकळा होतो. रेफरलचं, म्हणजे त्यांच्या कंपनीत तुमची शिफारस करण्याचं, मात्र बोलणं झाल्यावरच काढा.

मुलाखतीत आपली मुलं दोन ठिकाणी घसरतात. एक, 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की गाव, वडिलांची नोकरी, दहावीचे मार्क. त्याऐवजी दीड मिनिटात: सध्या काय शिकताय, कोणतं एक काम नीट केलंय, ही जागा का हवी. दुसरं, प्रत्येक उत्तरात 'आम्ही'. घरात शिकवलेला विनय तिथे अंगाशी येतो. समोरच्याला कळतच नाही की तुम्ही काय केलं. परिस्थिती, जबाबदारी, तुम्ही केलेली कृती, निकाल, या क्रमाने सहा प्रसंग लिहून काढा आणि मोठ्याने म्हणा. कृतीत 'मी' हवंच. कोडिंगच्या फेरीत गप्प बसून विचार करू नका. उत्तर अर्धवट राहिलं तरी विचार ऐकू आला तर गुण मिळतात.

सुटीत घरी आला असाल आणि मुलाखत ऑनलाइन असेल, तर वेळ दोनदा तपासा. न्यूयॉर्कची दुपारी 2 ची वेळ उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री 11:30 ची, आणि नोव्हेंबर ते मार्च रात्री 12:30 ची, म्हणजे तारीखही बदलते. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, मोबाइलचा हॉटस्पॉट आधी जोडून बघा. घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर ऐन मुलाखतीत 'जेवलास का रे?' ऐकू येतं.

कन्सल्टन्सीवाल्यांपासून सावध. रिझ्युमेत तीन वर्षांचा खोटा अनुभव घालून देतो, ट्रेनिंगचे पैसे भर, ओपीटी चालू राहील असं पत्र देतो, असे फोन विद्यार्थ्यांना येतात. पैसे मागून नोकरी देणारा मालक नसतो, आणि खोट्या अनुभवाचा कागद पुढे व्हिसाच्या मुलाखतीत तुमच्याच गळ्यात पडतो.

ऑफर आली की लगेच सही नको. रुजू होण्याची तारीख कार्डावरच्या तारखेनंतरची आहे ना, काम आठवड्याला किमान 20 तास आणि तुमच्या पदवीशी संबंधित आहे ना, हे बघा. रुजू झाल्यावर कंपनीचं नाव-पत्ता 10 दिवसांत सेव्हप पोर्टलवर (ओपीटीवरच्या विद्यार्थ्यांची सरकारी वेबसाइट) भरा. खोली बदललीत तर नवा पत्ताही 10 दिवसांतच.