सह्याद्रीत कॅमेरा घेऊन जाताय? या चुका टाळा

जुलै उजाडला की मला ठरावीक फोन येऊ लागतात. "ताई, काल माळशेजला गेलो होतो, लेन्समधून सगळं पांढुरकं दिसतंय. कॅमेरा गेला का?" कॅमेरा गेलेला नसतो. दोन तास गाडीत एसी लावून, मांडीवर उघडा कॅमेरा घेऊन हा मुलगा घाटात पोचलेला असतो आणि दार उघडल्या उघडल्या फोटो काढायला धावलेला असतो. गार काचेला घाटातली ओली हवा लागली की तिच्यावर पाणी धरणारच. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर धरतं तसंच. गेली सतरा वर्षं मी सुट्टीच्या दिवशी पुण्याहून डोंगरात फोटो काढायला जाते, नव्या मुलामुलींना सोबत नेते, आणि दरवर्षी त्याच चुका बघते. कॅमेरा कितीही महाग घेतला तरी यातली एकही सुटत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

ओल घरी घेऊन येणं

घाट लागायच्या आधी अर्धा तास मी गाडीतला एसी बंद करायला लावते. कॅमेरा बॅगेत, बॅगेची चेन बंद. उतरल्यावर आधी चहा. त्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि तेवढ्यात कॅमेरा बाहेरच्या हवेइतकाच कोमट होतो. या वेळात लेन्स बदलायची नाही, नाहीतर तीच ओली हवा आत सेन्सरपर्यंत जाते. काचेवर बाष्प धरलंच तर टी-शर्टच्या टोकाने पुसू नका. टी-शर्टला घाम असतो, मातीचे कण असतात, त्यांचे ओरखडे कायमचे राहतात. थोडं थांबलं की बाष्प आपोआप उडतं. पावसाचे थेंब टिपायला मी जुना सुती पंचा नेते. तो पाणी पितो. चष्म्याचं मऊ फडकं नुसतं पाणी पसरवतं, म्हणून ते शेवटी, काच कोरडी झाल्यावर.

हे जातानाचं झालं. येतानाची चूक याहून वाईट आहे आणि ती मी स्वतः केली आहे. २०१२ च्या जुलैत भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून रतनवाडीला गेले होते. अमृतेश्वराचं देऊळ पावसात काळंभोर दिसतं, दगडावरची नक्षी ओली झाली की उठून येते, त्यासाठी. दोन दिवस संततधार होती. रविवारी रात्री अकराला घरी पोचले, सोमवारी कामावर जायचं होतं, म्हणून बॅग तशीच कपाटावर टाकली. लेन्स चामड्याच्या पिशवीत होती आणि पिशवी आतून दमट. चोवीस दिवसांनी ती उघडली. विजेरी धरून पाहिलं तर काचेच्या कडेला, आतल्या बाजूने, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू. बुरशी. दुरुस्ती करणाऱ्यांनी लेन्स खोलून साफ केली, पण काचेवरचा लेप तोवर बुरशीने खाल्ला होता. त्या लेन्सने सूर्यासमोर काढलेला प्रत्येक फोटो त्यानंतर दुधाळ आला. दोन वर्षं पैसे साठवून घेतलेली लेन्स होती ती. मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासूनचा माझा नियम असा : कितीही रात्र झाली तरी झोपण्याआधी बॅग रिकामी. बॅटरी आणि कार्ड बाहेर, कॅमेरा आणि लेन्सेस पंख्याखाली कोरड्या पंचावर, बॅग उलटी टांगलेली. सकाळी सगळं हवाबंद डब्यात. धान्याला वापरतो तसला मोठा, रबराची कड असलेला प्लास्टिकचा डबा पुरतो. आत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४५ टक्क्यांच्या आसपास राहिला पाहिजे. साठाच्या वर गेला की बुरशीची सोय झाली म्हणायची, आणि फार खाली नेलं तर रबरी भाग कडक होतात. सिलिका जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येतं, पण निळे दाणे स्वयंपाकाच्या भांड्यात भाजू नका, त्या रंगात कोबाल्ट असतं. चामड्याची पिशवी मी टाकून दिली.

भिजलेला कॅमेरा तांदळात पुरून ठेवण्याचा सल्ला देणारे दर पावसाळ्यात भेटतात. तांदळाचं पीठ बटणांच्या फटीत जातं आणि पाणी होतं तिथेच राहतं. कॅमेरा बंद करा, बॅटरी काढा, आणि निदान दोन दिवस तो चालू करून बघायचा मोह आवरा. असा मोह न आवरल्यामुळे गेलेले तीन कॅमेरे मी पाहिले आहेत. पावसाने ते गेले नसते.

ऊन कुठून येतं ते न बघणं

सह्याद्रीचे मोठे कडे पश्चिमेला, कोकणाकडे तोंड करून उभे आहेत. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली तर अर्ध्या वाया गेलेल्या सहली वाचतील. नाणेघाटाचं तोंड कोकणात उघडतं. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडाही पश्चिमाभिमुख. अशा कड्याचा फोटो काढायला लोक रात्रभर प्रवास करून पहाटे पोचतात आणि कडा सावलीत बुडालेला असतो. मग घरी येऊन संगणकावर सावल्या उजळत बसतात. काळ्या पाषाणावर तांबूस ऊन हवं असेल तर दुपारनंतर जा आणि संध्याकाळपर्यंत थांबा. पहाट हवी असेल तर कळसूबाईसारखं, जिथून पूर्वही मोकळी दिसते असं ठिकाण निवडा. १६४६ मीटरवर उभं राहिलं की दोन्ही बाजू आपल्याच.

कोकणकड्यावर पहाटे जायचं कारण वेगळं आहे. ते म्हणजे इंद्रवज्र, धुक्यावर पडलेल्या आपल्याच सावलीभोवती दिसणारं रंगीत कडं. इथेच घाईने होणारं सगळ्यात मोठं नुकसान मी पाहिलं.

सप्टेंबरचा महिना. गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावातून पहाटे चारला निघालो, आम्ही पाच जण. साडेसहाला कड्यावर पोचलो तर समोर नुसतं पांढरं. कडा नाही, दरी नाही, स्वतःचे बूटसुद्धा अंधुक. सव्वासातपर्यंत सगळे गप्प होते. मग कुरबुर सुरू झाली. "ताई, आज काही दिसत नाही. पोहे खाऊन केदारेश्वराची गुहा बघू, निदान ती तरी मिळेल." पाचनईचे मामा सोबत होते, ते शांतपणे म्हणाले, "वारं पडू द्या. ऊन मागनं आलं की बघा." पावणेआठला तिघे उठून गेले. मी राहिले आणि एक मुलगा राहिला.

आठ वाजून दहा मिनिटांनी वारा पडला. पाठीवर ऊब जाणवली, म्हणजे तारामती शिखराच्या बाजूने सूर्य ढगातून सुटला होता. त्याच वेळी समोरचं धुकं कड्याच्या कडेखाली बसलं आणि त्या पांढऱ्या गादीवर आमची सावली पडली. सावलीच्या डोक्याभोवती सात रंगांचं पूर्ण कडं. त्या मुलाला फक्त त्याच्याच डोक्याभोवती दिसत होतं आणि मला माझ्या. पाच-सहा मिनिटं टिकलं. पोहे खायला गेलेले धावत आले तेव्हा धुकं पुन्हा वर चढलं होतं. त्यातली एक मुलगी त्यानंतर चार वेळा तिथे गेली, तिला ते अजून दिसलेलं नाही.

इंद्रवज्र शोधताना लोक आभाळात बघतात. ते दिसतं सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, म्हणजे सूर्य जितका वर चढलेला तितकं ते खाली, दरीत. म्हणून पाठीशी मोकळा सूर्य आणि पायाखाली धुक्याने भरलेली खोल दरी, दोन्ही एकाच वेळी लागतं. फार रुंद लेन्स लावू नका, चित्रात ते टिकलीएवढं होतं. ५० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स मला बरी पडते. धुक्यात ऑटोफोकस पुढेमागे घरघरत राहतो, तेव्हा फोकस हाताने अनंतावर, म्हणजे फार लांबच्या अंतरावर, नेऊन ठेवायचा, आणि हे काम वाट बघत असतानाच उरकून घ्यायचं. मापही आधी ठरवा. कॅमेऱ्याला पांढरं धुकं जास्त उजेड वाटतो आणि तो चित्र काळवंडून टाकतो. एक्स्पोजर एक पायरीने वाढवलं की धुकं धुक्यासारखं येतं. त्या मुलाचे पहिले दहा फोटो राखाडी आले ते एवढ्यामुळेच.

माझी सवय एकच : एका दिवसात एकच जागा. सकाळी कळसूबाई, दुपारी सांदण, संध्याकाळी रतनगड अशा याद्या घेऊन येणाऱ्यांना मी सोबत नेत नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढून त्यावर कॅमेरा लावू नका. घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात तो थरथरतो. वजनासाठी बॅग टांगायची तर ती जमिनीला टेकलेली असू द्या, झुलणारी बॅग ट्रायपॉडलाही झुलवते.

सगळं स्पष्ट यावं म्हणून एफ-२२ लावणं चूक आहे. छिद्र फार बारीक झालं की एकूण चित्रच मऊ पडतं. एफ-८ ते एफ-११ मध्ये राहा.

धबधब्याला दर वेळी तीस सेकंद देऊ नका. पाव सेकंद ते एक सेकंद एवढ्यात पाण्याचे धागे दिसतात, पुढे नुसता कापूस होतो. पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायची चकाकी कापणारी काच, मात्र पावसाळ्यात काढूच नका. ओल्या पानांवरची आणि दगडांवरची चकाकी गेली की हिरवा रंग खरा दिसतो. फक्त निळ्या आकाशासमोर रुंद लेन्सवर तो लावला तर अर्धं आकाश गडद, अर्धं फिकं येतं.

उन्हाळ्यात लांबच्या डोंगररांगांचे फोटो काढून "रंगच येत नाही" म्हणणारे खूप आहेत. फेब्रुवारीनंतर हवेत धुरळा असतो, वणव्यांचा धूर असतो. धुतलेली हवा पाऊस संपता संपता मिळते.

आकाशगंगेसाठी एप्रिल-मे चांगला, पण घरातल्या दिनदर्शिकेत तिथी बघून निघा. अष्टमीच्या चंद्रात तारे शोधायला आलेले गट मी पाहिले आहेत. अमावास्येला जमत नसेल तर चंद्र कधी मावळतो किंवा उगवतो ते बघा. तो रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, त्यावरून अंधाराचे तास काढता येतात.

रात्री मागचा पडदा बघून उजेड ठरवू नका. अंधारात अंधुक फोटोसुद्धा लख्ख दिसतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळं किती, उजळ किती ते दाखवणारा आलेख, बघा.

पावसाळ्यानंतर कड्याच्या कडेला गवत कमरेएवढं वाढतं आणि त्याखाली जमीन संपलेली असते. अशा ठिकाणी उभं राहून कॅमेऱ्यातून बघत पुढे सरकायचं नाही. कोकणकड्यावर मी पालथी झोपते आणि कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळते. कातळात आग्या माश्यांची पोळी दिसली तर अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. आल्या वाटेने परत.

काजवे आणि फुलं

मे संपता संपता, पहिल्या पावसाच्या आधी, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या बाजूला काजवे चमकतात. तो उजेड म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं असतं. त्यावर विजेरीचे झोत टाकले, फ्लॅश मारला, गाडीचे दिवे चालू ठेवले की ते बोलावणं पोचत नाही. तरी दरवर्षी हे होतं, आणि तेही फोटोसाठी, ज्याला फ्लॅशचा काडीइतकाही उपयोग नाही. दिवसाउजेडी जागा ठरवा, झाडावर फोकस करून ठेवा, ट्रायपॉड हलवू नका, वीस-तीस सेकंदांचे एकामागून एक फोटो काढा आणि घरी ते एकावर एक रचा. झाडाखाली जाऊ नका, रस्त्यावरूनच काढा. पंख नसलेल्या माद्या जमिनीवर, गवतात असू शकतात, तुमचा पाय त्यांच्यावर पडतो.

कास पठाराचंही तेच. पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही आहे. तिथे जांभ्या खडकावर मातीचा थर बोटभरसुद्धा नाही. सीतेच्या आसवांची फुलं नखाएवढी. तेरड्याच्या गुलाबी ताटव्यात आडवं होऊन काढलेला एखादा फोटो बघायला छान वाटतो, पण तो काढणाऱ्याच्या कोपराखाली, पोटाखाली आणि बुटांखाली काय होतं ते त्यात येत नाही. लांबच्या लेन्सने, वाटेवर गुडघे टेकून, तोच ताटवा पुरेपूर मिळतो. मी २०० मिलिमीटरवर काढते. एका सप्टेंबरात ओल्या पठारावर बुटाचा पूर्ण ठसा बघितला होता, टाचेपासून चवड्यापर्यंत, आणि त्यात दाबली गेलेली जांभळी फुलं अजून ताजी होती. त्या ठशापासून वाट तीन पावलांवर होती.